चिंचोक्याची खळ, गंजिफा आणि साकवाची पोथी

कणकवली तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी चित्रकला शिकवते. कोविडमुळे पडलेल्या खंडानंतर डिसेंबर २०२२ मध्ये आमची सहल एस.टी.च्या दोन गाड्यांतून कोल्हापूरला गेली आणि दोन दिवसांत अंबाबाईचे देऊळ, नवा राजवाडा, रंकाळा, पन्हाळा, जोतिबा आणि कणेरी मठ अशी सहा ठिकाणे उरकून परत आली. सहलीनंतर नववीच्या मुलांना प्रवासवर्णन लिहायला सांगण्याची आमच्याकडे प्रथा आहे. त्या वर्षी मराठीच्या बाई रजेवर असल्यामुळे वह्या तपासण्याचे काम माझ्याकडे आले. बावन्न वह्या वाचल्या आणि त्यांतल्या बहुतेकांत ‘पन्हाळा हा ऐतिहासिक किल्ला आहे’ आणि ‘आम्ही खूप मजा केली’ या दोन वाक्यांपलीकडे स्वतःचे असे काहीच सापडले नाही. जी माहिती होती ती फलकांवरून उतरवलेली होती, तीही चुका कायम ठेवून.

एक वही मात्र वेगळी निघाली. फोंडा घाटात आमच्या गाडीचे मागचे चाक पंक्चर झाले होते आणि चालक-वाहकांच्या मदतीला जी चार-पाच मुले खाली उतरली, त्यांतल्या एकाने अंबाबाई आणि पन्हाळा दोन ओळींत संपवून पुढची अडीच पाने त्या चाकावर खर्च केली होती. गाडी घसरू नये म्हणून दगड चाकाच्या कोणत्या बाजूला लावायचा, नट आधी सैल करून मग गाडी का उचलायची, जॅक मऊ मातीत रुतू लागल्यावर त्याच्याखाली फळी कशी सरकवली, हे सारे त्याने क्रमवार लिहिले होते आणि सोबत जॅकची आकृतीही काढली होती. वर्गात हा मुलगा चित्रकलेच्या तासाला हमखास वही विसरणारा. परंतु त्या आकृतीतील स्क्रूचे आटे त्याने एकेक करून दाखवले होते. मी ती वही मुख्याध्यापकांना नेऊन दाखवली. ते हसले आणि म्हणाले, “म्हणजे बाई, पुढच्या वर्षी सहल टायरच्या दुकानात न्यायची काय?”

त्यांच्या थट्टेत तथ्य होते. सहल ही मुलांची मोकळीक असते, रात्री गाडीत गाणी म्हणण्यासाठी आणि रंकाळ्यावर भेळ खाण्यासाठीही ती असते, आणि त्या मोकळिकीवर पुन्हा एक अभ्यासक्रम लादण्याची माझी इच्छा नव्हती. म्हणून मोठ्या सहलीला हात न लावता फक्त आठवीसाठी एका दिवसाची वेगळी सहल काढावी, तिच्या आधी आणि नंतर वर्गात हातांनी करण्याचे काम असावे, आणि ज्याचे काम पाहिले त्या कलावंताला पुढे शाळेत बोलवावे, असा प्रस्ताव मी मांडला. आठवी निवडण्याचे कारण सरळ होते. दहावीचे सावट अजून पडलेले नसते, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवलेले असून त्या दिवसांत सुतार, कुंभार, माळी, कलावंत अशा स्थानिक जाणकारांच्या हाताखाली मुलांनी काम करावे असे म्हटले आहे. कागदावर दाखवायला आधार लागतो, तो आयताच मिळाला.

कलावंत शाळेत बोलवण्याचा आमचा आधीचा अनुभव चांगला नव्हता, हे येथे सांगितले पाहिजे. जानेवारी २०२३ मध्ये स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात आम्ही एका चित्रकथी कलावंतांना, म्हणजे चित्रे एकेक करून दाखवत गाऊन कथा सांगणाऱ्यांना, बोलावले होते. सभागृहात चारशे मुले, पुढे पाहुण्यांच्या खुर्च्या, मंचावर निवेदक, आणि ध्वनिक्षेपकाची शिट्टी. चित्रकथीचे पान असते वहीच्या उघडलेल्या जोडपानाएवढे. तिसऱ्या रांगेनंतर कोणालाही काही दिसेना. मागची मुले बोलू लागली, शिक्षक त्यांना दटावू लागले, आणि कथा निम्म्यावर असताना वेळ संपल्याची चिठ्ठी मंचावर गेली. शाल, श्रीफळ आणि पाकीट देऊन आम्ही त्यांना निरोप दिला. फाटकापर्यंत सोडायला गेले तेव्हा ते मला एवढेच म्हणाले की, ही कला अंगणात बसलेल्या माणसांसाठी आहे. हे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही, कारण चूक त्यांना बोलावण्यात नव्हती, आम्ही त्यांना जेथे बसवले होते तेथे होती.

जुलै २०२३ मध्ये मी आखणीला लागले. आमच्या भागातल्या शिक्षकाला दूर जाण्याची गरज नाही. कणकवलीहून कुडाळ सुमारे तीस किलोमीटर, कुडाळच्या पुढे लगेच पिंगुळी, आणि तसेच पुढे गेले की सावंतवाडी. पिंगुळी म्हटले की आमच्या पालकांना राऊळ महाराजांचा मठ आठवतो. परंतु त्याच गावातील ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या कला सांभाळल्या असून तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कुटुंबाने उभारलेले ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय आपल्या घरापासून इतक्या जवळ आहे, हे माझ्या वर्गातील एकेचाळीस मुलांपैकी दोघांनाच ठाऊक होते. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळण्याचे जुन्या पद्धतीचे गोल पत्ते, अजून हाताने रंगवल्या जातात. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी जुन्या चिताऱ्याकडून ती विद्या शिकून घेऊन आणि शिकवून ती मरू दिली नाही. आणि चितारआळीत लाखेच्या रंगाची लाकडी फळे, खेळणी आणि पोळपाट-लाटणी विकायला मांडलेली असतात. एका दिवसात ही तीन ठिकाणे होतात. मी ती दोनवर आणली आणि चितारआळीला पाऊण तास ठेवला.

परवानगीच्या प्रकरणावर फार लिहीत नाही, कारण ज्या शिक्षकांनी सहल काढली आहे त्यांना ते माहीत आहे आणि ज्यांनी काढलेली नाही त्यांना धीर खचवणारे वाटेल. मुरूडच्या समुद्रात २०१६ मध्ये पुण्याचे महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले, त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले आणि ते व्हायलाच हवे होते. संमतिपत्रे, प्रथमोपचाराची पेटी, मुलींसोबत शिक्षिका, शिक्षणाधिकारी कार्यालयाची मंजुरी, आणि आगारात जाऊन केलेला गाडीचा प्रासंगिक करार, ज्यात शालेय सहलींना भाड्यात सवलत मिळते, इतके सगळे जुळवायला सहा आठवडे लागले. खरी गंमत कलावंतांच्या मानधनावरून झाली. दोन दिवसांचे मानधन ठरवून मी टिपण पुढे पाठवले, तेव्हा ‘तीन दरपत्रके जोडावीत’ असा शेरा मारून ते परत आले. चित्रकथी सांगणाऱ्या तीन माणसांकडून दर मागवून सर्वांत स्वस्त कथा घ्यावी, असा त्याचा अर्थ होत होता. हा शेरा कोणत्या टेबलावरचा ते मी लिहीत नाही. शेवटी ‘एकमेव उपलब्ध’ असा दाखला जोडून मार्ग निघाला, आणि तो दाखला लिहिताना मला जरा वाईट वाटले.

सहल डिसेंबरात होती. काम मात्र दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच सुरू झाले. गंजिफेचा पत्ता प्रत्येकाने आधी स्वतः करून पाहायचा, आणि तो कसा करतात हे मी मुद्दाम सांगायचे नाही, असे मी ठरवले. एवढेच सांगितले की तो कापडाचा असतो, गोल असतो, ताठ असतो, आणि तो ताठ होतो चिंचोक्याच्या खळीने. घरी आज्यांना विचारून या, म्हटले. मुले जी उत्तरे घेऊन आली ती एकमेकांशी जुळेनात. कोणी म्हणाले चिंचोके भाजून साल काढायची, कोणी म्हणाले नुसते भिजवायचे. एकीच्या आजीने सांगितले की देशावर धनगर घोंगडीला हीच खळ देतात, आणि एकाच्या आजोबांनी चिंचोके भाजून खायचे असतात, चिकटवायचे नसतात, असे बजावून पाठवले होते. आम्ही दोन्ही रीती करून पाहिल्या. भाजलेल्या चिंचोक्यांची साल बत्त्याच्या हलक्या ठोक्याने सुटते, ती पाखडून आतला पांढरा गर रात्रभर भिजवायचा, पाट्यावर गंधासारखा वाटायचा, आणि भरपूर पाण्यात मंद आचेवर सतत ढवळत शिजवायचा. ढवळणे थांबले की गुठळ्या. नुसत्या भिजवलेल्या चिंचोक्यांची साल दोन दिवसांनीही नखाने सुटेना, तेव्हा ती रीत आपोआप बाद झाली. पहिली खळ तिसऱ्या दिवशी आंबली आणि चित्रकलेच्या खोलीत कोणी बसेना. पुस्तकबांधणीच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात हे विज्ञानाच्या सरांना माहीत होते; दुसऱ्या खळीत त्यांनी ती चिमूटभर स्वतःच्या हाताने घातली, मुलांना हातमोजे घालायला लावले आणि विषारी पदार्थांवर पंधरा मिनिटे बोलून घेतले.

जुन्या धोतरांचे आणि साड्यांच्या अस्तरांचे तुकडे मुलांनी आणले. तीन थर एकमेकांवर खळीने चिकटवून, वर खडूची पूड खळीत कालवून तिचा लेप दिला आणि व्हरांड्यातल्या उन्हात वाळत घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी जे दिसले ते पाहून मीही हसू आवरू शकले नाही. एकेचाळीस पत्त्यांपैकी एकही सपाट नव्हता. काही द्रोणासारखे वळले होते, काहींचा लेप भेगाळून सुटला होता. पहिल्या बाकावरची मुलगी आपला पत्ता दोन बोटांत धरून म्हणाली, “बाई, ह्यो पत्तो नाय, पापड झालो.” वर्गात त्या दिवसापासून त्यांना ‘पापड’ हेच नाव पडले. मी ते सगळे पापड एका बुटाच्या खोक्यात भरून ठेवले आणि प्रत्येकाने वहीत एक प्रश्न लिहायचा असे सांगितले: माझा पत्ता का वळला? उत्तर लिहायचे नाही, फक्त प्रश्न, आणि तो राजवाड्यात विचारायचा.

आता ती सहल आणि कोल्हापूरची सहल यांतला फरक सांगते. राजवाड्याच्या दालनात चितारी कामाला बसलेले असतात, तेथे पाहुणे येतात, रंग पाहून ‘किती सुंदर’ म्हणतात आणि पुढे जातात. आमची मुले रंगांकडे गेलीच नाहीत. ती जाऊन पत्त्याची कड पाहू लागली. कडेवरून थर मोजता येतात का, हे पाहण्यासाठी दोघे जण जमिनीवर जवळजवळ आडवे झाले. कोरा पत्ता हातात मिळाल्यावर एकाने तो कानाजवळ नेऊन टिचकी मारली आणि “बाई, वाजता!” असे ओरडला. तेथे काम करणाऱ्या ताईंनी प्रथम जरा दचकून पाहिले. मग मी खोक्यातले पापड काढून त्यांच्यासमोर मांडले, तेव्हा त्यांनी हातातील कुंचला खाली ठेवला. एक पापड उचलून त्यांनी उलटा केला आणि विचारले, “मागच्या बाजूला लेप कुठे आहे?”

तेवढ्या प्रश्नाने अर्ध्या वर्गाचे उत्तर मिळाले. लेप एकाच बाजूला दिला की वाळताना तीच बाजू आकसते आणि पत्ता तिकडे वळतो. म्हणून दोन्ही अंगांना सारखाच लेप हवा. उन्हात घाईने वाळवलेले वरून सुकते आणि आत ओले राहते. म्हणून सावलीत, वजनाखाली. जाड एका थरापेक्षा पातळ अनेक थर बरे, आणि प्रत्येक थर वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटायचा, म्हणजे भेगा पडत नाहीत. ताईंनी घोटण्याचा दगड मुलांच्या हातात दिला. तो फिरवताना मनगट कसे सैल सोडायचे, हे सांगून कळत नाही. त्यांनी एका मुलाचा हात धरून पाच-सहा फेरे करवून घेतले आणि सोडून दिला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे उमटले ते पाहण्यासाठी मी या सगळ्या दरपत्रकांतून गेले असावे. आमचे वेळापत्रक तेथे चाळीस मिनिटांनी कोसळले आणि मी ते कोसळू दिले.

गंजिफेच्या खेळाने गणिताच्या सरांना अनपेक्षितपणे ओढून घेतले. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक ते दहा, म्हणजे एकूण १२० पाने. तीन खेळाडूंना चाळीस-चाळीस वाटली जातात. दहांपैकी पाच अवतारांत दहाचे पान एक्क्याला भारी, तर उरलेल्या पाचांत उतरंड उलटी होऊन एक्का दहाला भारी. दिवसा खेळायला बसले तर ज्याच्या हातात राम असेल त्याने उतरी करायची, म्हणजे पहिली खेळी खेळायची, रात्री बसले तर कृष्णवाल्याने. आमच्या मुलांना दशावतार म्हणजे जत्रेत रात्रभर चालणारे नाटक. मत्स्याचे पान पाहताच मागून कोणीतरी ‘संकासुर इलो’ म्हटले आणि सगळे हसले, कारण दशावताराच्या सुरुवातीला मंचावर येणारा संकासुर त्यांनी लहानपणापासून पाहिलेला आहे. जे पुस्तकात शिकवायला मला दोन तास लागले असते ते एका हशात झाले.

चितारआळीत मुलांनी मुख्यतः खरेदी केली, आणि ती करू दिली. एका कारखानदाराने मात्र लेथ चालू करून दाखवला. फिरणाऱ्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. वेगळा विस्तव लागत नाही. विज्ञानाच्या सरांना ते एवढे आवडले की त्यांनी एक लाकडी आंबा विकत घेतला आणि परतीच्या गाडीत पुन्हा एकदा घर्षणावर बोलून घेतले.

पिंगुळीला आम्ही जाताना थांबलो होतो. तेथील अंगणात बसून मुलांनी बाहुल्यांचे दोर हातात धरले आणि एका हाताने मान व दुसऱ्याने दोन्ही हात चालवणे किती कठीण असते हे पाच मिनिटांत शिकली. परंतु चित्रकथीसाठी मी तेथे फार वेळ ठेवला नव्हता, कारण त्या कलावंतांना पुढे शाळेत बोलवायचे होते. आदल्या वर्षी ज्यांना आम्ही निम्म्यावर थांबवले होते, तेच काका जानेवारीत पुन्हा यायला तयार झाले. मी दोन अटी स्वतःहूनच लिहून दिल्या होत्या: चारशे नाही, एकेचाळीस मुले, आणि सभागृह नाही, चित्रकलेच्या खोलीबाहेरची पडवी.

ते सकाळी आले, सतरंजीवर बसले, जुन्या कापडात गुंडाळलेली पोथी सोडली. सुट्या चित्रांच्या या संचालाही पोथीच म्हणतात. पाठीला पाठ लावून चिकटवलेली दोन पाने, म्हणजे एका पानावर दोन चित्रे. पहिले चित्र गणपतीचे. मांडीशी पान उभे धरायचे, एका साथीदाराने टाळ धरायचे, दुसऱ्याने डमरूसारखा हुडूक वाजवायचा, आणि कथा गायची. पुण्यात कला शिक्षक पदविकेचा अभ्यासक्रम करत असताना राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी ही चित्रे काचेमागे पाहिली होती. बाजूने रेखलेले चेहरे, मोठाले डोळे आणि सपाट रंग वहीत उतरवून घेतले होते आणि परीक्षेत त्यांच्यावर चांगले गुणही मिळवले होते. पडवीत हातभर अंतरावर बसून कळले की मी त्या वेळी चित्रांचे केवळ अर्धेच अंग पाहिले होते. काका गाताना बोटाने आकृतीला स्पर्श करत होते. कथेत ज्याची पाळी आली त्याच्यावर बोट, आणि बोट सरकले की सगळ्या मुलांच्या माना सरकत. मोठे डोळे आणि बाजूचे चेहरे का, याचे उत्तर त्या बोटात होते. कोण कोणाशी बोलतो आहे हे लांबून कळले पाहिजे, असे त्यांनी नंतर सांगितलेही.

कथा संपल्यावर एका मुलीने विचारले, “काका, तुमका ह्या सगळा पाठ कसा रवता?” ते म्हणाले, “पाठ खंय करतंय? चित्र समोर धरलंय काय गाणा आपसूक तोंडात येता.”

दुपारपासून मुलांनी स्वतःची पोथी करायला घेतली. विषय मी रामायणातला सुचवला होता. मुलांनी तो नाकारला. त्यांना वाडीच्या साकवाची, म्हणजे ओढ्यावरच्या लहान पायपुलाची, गोष्ट सांगायची होती. आमच्याकडे पावसाळ्यात ओढ्यापलीकडच्या वाड्यांना साकवाचाच आधार असतो. माडाच्या किंवा पोफळीच्या खोडांचा तो साकव दर एक-दोन वर्षांनी पाण्याने नेला की माणसे एकत्र येऊन पुन्हा घालत. आता तेथे लोखंडी साकव आहे, परंतु वर्गातील नऊ मुलांच्या घरी जुन्याच्या आठवणी निघतात. सोळा चित्रांची कथा ठरली. पहिल्या दिवशी मुलांनी काढले ते सगळे समोरून, फोटो काढल्यासारखे, आणि प्रत्येक चित्रात पाऊस, झाडे, घरे, ढग, गुरे असे सर्व काही कोंबलेले. काकांनी एकही चित्र खोडले नाही. त्यांनी एकेक पान मांडीवर उभे धरले आणि म्हणाले, आता सांग. मुलगा सांगू लागला की बोट कोठे ठेवावे ते त्याला सापडेना. एवढे झाल्यावर दुसऱ्या दिवशी मुलांनी बाराएक चित्रे आपणहून पुन्हा काढली. ढग गेले, गुरे गेली, माणसे एकमेकांकडे पाहू लागली. फोंडा घाटातला तो मुलगा तेव्हा नववी संपवून दहावीत गेला होता. मधल्या सुट्टीत तो येऊन उभा राहिला आणि साकवाची खोडे कशी बांधली आहेत ते चित्रात दिसत नाही, असे त्याने ठामपणे सांगितले. बांधणीची गाठ त्याने काढून दिली. ती आजही सातव्या चित्रात सर्वांत नीट काढलेली गोष्ट आहे.

चाल कोणती लावावी यावर मोठा वाद झाला. मुलींना काकांच्या चालीवरच जायचे होते. मुलांमध्ये चार जण भजनी मंडळातले, त्यांनी साकव वाहून जातो त्या ठिकाणी थेट डबलबारीचा, म्हणजे दोन भजनी मंडळांच्या सामन्यातला, गजर लावला आणि बाकावर पखवाजाचे बोल वाजवले. मला ते विसंगत वाटले. काका मात्र मनापासून हसले आणि हुडूक घेऊन त्यांच्यात सामील झाले, तेव्हा मी माझे मत वहीतच ठेवले.

पालकसभेत एका पालकांनी विचारले की यातून गुण किती मिळतात. प्रश्न रास्त होता; शासकीय रेखाकला परीक्षेत इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीला सात गुण वाढतात, हे मीच दरवर्षी त्यांना सांगत आले आहे. यातून एकही मिळत नाही, असे मी उत्तर दिले. त्यावर ते काही बोलले नाहीत. परंतु सभा संपल्यावर पडवीत मांडलेली साकवाची पोथी त्यांनी दोनदा पाहिली आणि चौथ्या चित्रात ओढ्याला पूर येतो तेव्हा पाणी डावीकडून यायला हवे, वाडीतला ओढा तसा वाहतो, ही चूक दाखवून दिली. ती चूक होती.

सगळे जमले असे नाही. नव्याने केलेल्या एकेचाळीस पत्त्यांपैकी एकोणीस सपाट निघाले, बाकीचे अजूनही थोडे वळतात. दशावताराचा पूर्ण जोड करायचा बेत सोडून द्यावा लागला. मत्स्य आणि वामन हे दोनच रंग पुरे झाले. वर्गातली तीन मुले या सर्व काळात कंटाळलेलीच राहिली, आणि त्यांच्यासाठी मला काही सुचले नाही. दुसऱ्या वर्षी, २०२४-२५ मध्ये, आम्ही तेच पुन्हा केले तेव्हा दालनात ताई रजेवर होत्या आणि मुलांना प्रश्न विचारायला कोणी नव्हते. आधी फोन करून खात्री करण्याचा धडा मी त्या दिवशी घेतला. दरपत्रकांचा शेरा दुसऱ्या वर्षीही आला. या खेपेस मी जुना दाखला झेरॉक्स करून जोडला.

एप्रिलमध्ये आमच्याकडे घरोघरी चिंच फोडायला काढतात. यंदा कोणाला सांगावे लागले नाही. परीक्षेच्या शेवटच्या आठवड्यात मुले पिशव्यांतून चिंचोके आणून चित्रकलेच्या खोलीत ओतत होती, आणि नववीत गेलेली मागच्या तुकडीतली मुले त्यांना किडके निवडून काढायला लावत होती. शिपायांनी ते वजनकाट्यावर घातले, साडेचार किलो भरले. दोन पत्र्याच्या डब्यांत भरून, वर कडुनिंबाचा पाला घालून, ते आता कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवले आहेत. वरच्या कप्प्यात साकवाची पोथी आहे, आणि तिच्या शेजारी बुटाच्या खोक्यात पहिल्या वर्षीचे पापड.